कप्तान ग्रँट डफ : रणांगण आणि दप्तर

पाचगणीच्या पठाराच्या उत्तर कड्यावर उभे राहिले असता खाली कृष्णेचे खोरे, धोम, मेणवली व वाई ही स्थळे एका दृष्टिक्षेपात येतात. मेणवलीच्या नाना फडणिसी दप्तराची थोरवी आमच्या वाचकांस सांगावयास नको. पेशवाई बुडाल्यावर ह्या प्रांताचा कारभार 1818 पासून 1822 पर्यंत ज्या लष्करी अंमलदाराकडे होता, त्याचे नाव संशोधकांच्या तोंडी नित्य येते. मात्र बहुधा दोष देण्यापुरतेच. तो अंमलदार म्हणजे कप्तान जेम्स ग्रँट, म्हणजेच पुढचा ग्रँट डफ. त्याच्या ग्रंथाची चर्चा पुष्कळ झाली. त्याच्या शौर्याचा व सेवानिवृत्तीनंतरच्या आयुष्याचा विचार क्वचितच होतो. तो येथे संक्षेपाने करण्याचे योजिले आहे.

ग्रँटचा जन्म 1789 साली स्कॉटलंडात बॅन्फ येथे झाला. वयाच्या अठराव्या वर्षी तो मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणीत दाखल झाला. काठेवाडातील मालिया हे ठाणे हल्ला करून घेताना एका तुकडीचे आधिपत्य त्याजकडे होते. आतील लोक जिवावर उदार होऊन लढले, आणि त्या गर्दीत ह्या पोरसवदा अंमलदाराने दाखविलेली छाती वरिष्ठांच्या नजरेत भरली. पुढे फारसी जाणणारा म्हणून तो पलटणीचा दुभाषी झाला व पुण्यास एल्फिन्स्टनचा मदतनीस म्हणून आला.

5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीस इंग्रजांकडे सुमारे 2,800 लोक होते, आणि समोर पेशव्यांची अफाट फौज. बापू गोखल्यांच्या घोडदळाची ती दौड ग्रँटने वर्णिली आहे; खंबायतच्या आखातातील भरतीच्या लोंढ्याची उपमा त्याने तीस दिली. जरीपटका घेऊन चालून आलेले मोरोपंत दीक्षित कप्तान फोर्डच्या पलटणीवर तुटून पडले व तोफेच्या गोळ्याने ठार झाले. फोर्ड हा त्यांचा जुना स्नेही. शत्रुपक्षाकडील ही हकीकत ग्रँटने आदराने लिहून ठेविली, हे आम्हांस विशेष वाटते. ज्यावर गोळी झाडावयाची त्याचेही शौर्य नोंदवावे, ही वृत्ती इतिहासकाराची होय.

साताऱ्यास एक गोरा सोबती व थोडे देशी पायदळ एवढ्यावर त्याने प्रांत सांभाळला, छत्रपती प्रतापसिंह महाराजांस कारभाराचे शिक्षण दिले आणि 1822 साली राज्य त्यांच्या हवाली केले. ह्या धामधुमीतच संस्थानिकांची दप्तरे, देवस्थानांचे कागद, बखरी व सनदा यांच्या नकला तो करवीत होता. मस्तकशूळाने बेजार होऊन डोक्यास ओली फडकी बांधून तो काम करी. पाच वर्षांत प्रकृती ढासळली व तो मायदेशी परतला.

तेथे ईडनची जहागीर मिळून तो ग्रँट डफ झाला. 1825 साली विवाह झाला. स्वस्थपणे शेतीवाडी पाहावी, असा तो काळ. तथापि त्याने लेखणी सोडली नाही. मराठ्यांचे नाव विलायतेत कोण जाणतो, म्हणून ग्रंथाचे नाव बदलावे, असा एका प्रकाशकाचा आग्रह होता. तो त्याने मानला नाही. 1826 साली तीन भाग प्रसिद्ध झाले आणि कर्त्याचे पदरचे द्रव्य खर्ची पडले. 1858 साली तो वारला.

त्याची मते सर्वस्वी मान्य करावी, असे आमचे म्हणणे नाही. मराठ्यांचा उदय सह्याद्रीतील वणव्यासारखा अकस्मात झाला, ह्या त्याच्या कल्पनेचे न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली खंडन केले. त्याआधी 1867 साली नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्या ग्रंथाची कसून परीक्षा केली होती. परंतु आपल्या साधनांच्या नकला त्याने मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या स्वाधीन केल्या होत्या. पुढे शोध घेता त्या सापडल्या नाहीत, आणि कागद त्यानेच जाळविले असा प्रवाद महाराष्ट्रात पुष्कळ दिवस चालला. ज्याने आपले आधार पुढच्यांनी तपासावे म्हणून ठेविले, त्याच्याच माथी हा आरोप यावा, हे दैवदुर्विलसित होय.

शिपायाने आपले ठाणे राखले. ठेव मात्र राखली गेली नाही. खालच्या खोऱ्यातील वाड्यांत, माळ्यावर, मोडी रुमाल अद्याप असतील. ज्यांच्या हाती ते येतील त्यांनी नक्कल एकाच जागी ठेवू नये आणि यादी प्रसिद्ध केल्यावाचून राहू नये, एवढीच आमची विनंती.