छोट्या होडीचे पाय

फ्रान्समधील त्र्वा हे शहर समुद्रापासून बरेच आत, सेन नदीच्या वरच्या अंगाला वसलेले आहे. मोजे आणि आतले कपडे विणणे हा तिथला जुना धंदा. गरीब मुलांच्या हाताला काम मिळावे म्हणून १७४५ साली तेथील एका धर्मादाय संस्थेत मोजे विणण्याचे माग बसवले गेले, अशी नोंद आहे. मुलांचे कपडे विकून पुढे जगभर नावाजलेल्या ह्या शहरात आरंभी मुले मागावर बसलेली दिसतात, हे लक्षात ठेवूनच पुढचा इतिहास वाचावा असे आम्हांला वाटते.

ह्याच शहरात १८९३ साली पिएर वाल्तों यांनी विणलेल्या अंतर्वस्त्रांचा कारखाना काढला. १९१८ मध्ये त्यांचा मुलगा एतिएन याने लांब पायांच्या अंतर्वस्त्राला कात्री लावली आणि आखूड, पांढरी, सुती, सहज धुता येणारी चड्डी तयार केली. तोवर मुलांचे अंतर्वस्त्र म्हणजे मोठ्यांच्याच वस्त्राची लहान आवृत्ती असे. गुडघ्याखाली जाणारे आणि पुष्कळदा टोचणारे. चड्डीची कल्पना एतिएनला एका बालगीतावरून सुचली, असे ही कंपनी सांगत आली आहे. त्या गीतातले मूल आईला होड्यांच्या पायांविषयी विचारते. नावही तिथूनच आले : 'पती बातो', म्हणजे छोटी होडी.

कथा गोड आहे. जरा जास्तच गोड आहे. आम्हांला तिच्या खरेखोटेपणापेक्षा तिच्या कामगिरीत रस आहे. कात्री, कापड, मजुरी ह्या सगळ्या गोष्टी एका गाण्याच्या आड जातात आणि कारखान्याचा शोध आईच्या मांडीवर जन्मल्यासारखा वाटू लागतो. एखाद्या वस्तूला असे बालपण मिळाले की तिच्या किमतीविषयी कोणी फारसे विचारत नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यान ह्या कथेला चेहराही मिळाला. बेआत्रीस माले या चित्रकर्तीने कंपनीसाठी गुबगुबीत, खट्याळ मुले रंगवली; 'मारिनेत' ही बालिका त्यांतलीच. १९३७ च्या पॅरिस आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्या चड्डीला पारितोषिक मिळाले. पुढे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा आणि पिवळा पावसाळी कोट ही ह्या नावाची ओळख बनली. पट्ट्यांचा सदरा मुळात फ्रेंच नौदलातील खलाशांचा, १८५८ च्या हुकुमाने ठरलेला. युरोपातल्या सुस्थित घरांतून मुलांना खलाशी वेष घालण्याची प्रथा त्याहून थोडी जुनी. १८४६ साली विंटरहाल्टरने इंग्लंडच्या राजपुत्राचे तशा वेषातले चित्र काढले होते. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या शहराने समुद्राची प्रतिमा विणली, आणि कष्टकरी खलाशाचा अंगरखा मुलांच्या सुट्टीचा पोशाख झाला. 'मिथॉलॉजीज' (१९५७) मध्ये रोलाँ बार्थ यांनी फ्रेंच खेळण्यांवर लिहिले, तसे कपड्यांच्या ह्या कपाटावरही लिहायला हवे होते, असे राहून राहून वाटते.

१९८८ मध्ये ही कंपनी सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या इव्ह रोशे समूहाकडे गेली. १९९४ च्या सुमारास कार्ल लागरफेल्ड यांनी शनेलच्या मंचावर क्लाउडिया शिफरला ह्याच कंपनीचा साधा टी-शर्ट घालायला दिला, आणि प्रौढ स्त्रिया मुलांच्या विभागात जाऊन सोळा वर्षांच्या मापाचे सदरे घेऊ लागल्या. लहान मूल मोठ्यांचे कपडे घालून मिरवते, त्याच्या नेमके उलट. बाळपण आता नेसण्याची वस्तू झाले होते.

मात्र ह्या इतिहासातला आमच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रसंग २०११ चा. कंपनीने तान्ह्या बाळांच्या अंगड्यांवर विशेषणे छापली. मुलींच्या वाट्याला आली ती अशी : सुंदर, हट्टी, गोड, खादाड, नखरेल, प्रेमात पडलेली. मुलांच्या वाट्याला : धाडसी, बलवान, अभिमानी, दणकट, चतुर, निर्धारी. फ्रान्समध्ये त्यावरून मोठे वादंग उठले. गंमत म्हणून सोडून द्या, असे म्हणणारेही होते.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी असल्याने गंमत म्हणून सोडणे आम्हांला जमत नाही. फ्रेंचमध्ये बहुतेक विशेषणांना लिंग लागते; पण 'सुंदर' आणि 'बलवान' ही दोन्ही विशेषणे त्या भाषेत दोन्ही लिंगी चालतात. व्याकरणाने कोणालाच अडवले नव्हते. मुलीच्या अंगड्यावर 'बलवान' छापायला एखाद-दुसरे अक्षर बदलले असते तरी पुरे होते. वाटणी केली ती विकणाऱ्याने, आणि तीही अजून वाचता न येणाऱ्याच्या छातीवर. ज्याच्या अंगावर मजकूर असतो तो त्याचा वाचक नसतो; वाचतात ती भोवतालची माणसे, आणि वाचून तसेच वागवतात. आपल्याकडे झबले शिवताना जुन्या लुगड्याचे मऊ कापड काढत. त्यावर अक्षरे नसत, पण बाळ मुलगा की मुलगी हे पाहूनच बारशाचे बोलावणे किती घरी जायचे ते ठरे. तेव्हा फ्रेंचांना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

कंपनीची शिवण आता बरीचशी मोरोक्कोत माराकेशच्या कारखान्यात होते, विणकाम अजून त्र्वात आहे. २०२५ साली रोशे समूहाने ही कंपनी रीजंट ह्या अमेरिकी गुंतवणूक संस्थेला विकण्याचे जाहीर केले. फ्रेंच वृत्तपत्रांनी ती बातमी घरचेच कोणी परदेशी निघाल्यासारखी छापली. होडी, पट्टे आणि पिवळा कोट पुन्हा एकदा पानापानावर दिसले. १७४५ च्या मागांवरची मुले मात्र कुठल्याच चित्रात नव्हती.