जॅकी रॉबिन्सन : बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडणारा खेळाडू

जॅक रूझवेल्ट ऊर्फ जॅकी रॉबिन्सन (३१ जानेवारी १९१९ – २४ ऑक्टोबर १९७२) हे अमेरिकेचे ख्यातनाम बेसबॉलपटू होते. ‘मेजर लीग’ या तेथील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये विसाव्या शतकात खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. सुमारे सहा दशके कृष्णवर्णीयांना बंद असलेले हे दार त्यांच्या पदार्पणाने उघडले. १९६२ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

बेसबॉलच्या मैदानात चार बेस एका चौकोनाच्या कोपऱ्यांवर असतात. या चौकोनाच्या परिसरात क्षेत्ररक्षण करणाऱ्यांना इनफिल्डर म्हणतात. रॉबिन्सन यांनी पहिल्या हंगामात पहिला बेस सांभाळला. पुढे दुसरा बेस ही त्यांची मुख्य जागा ठरली.

त्यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील कैरो या गावी खंडकरी शेतमजुराच्या कुटुंबात झाला. वडील घर सोडून गेल्यावर आई मॅली यांनी १९२० मध्ये पाच मुलांसह कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहर गाठले. थोरले बंधू मॅक यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत जेसी ओवेन्स यांच्या मागोमाग रौप्यपदक पटकावले. जॅकी यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि मैदानी स्पर्धा अशा चार खेळांत प्रतिनिधित्व केले.

दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी अधिकारी होते. १९४४ मध्ये टेक्सासमधील लष्करी तळावर बसच्या मागील भागात जाऊन बसण्याचा आदेश त्यांनी धुडकावला. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला व ते निर्दोष सुटले. १९४५ मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या लीगमधील कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाकडून खेळू लागले.

त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्यांना भेटीस बोलावले. कितीही अपमान झाला तरी प्रत्युत्तर द्यायचे नाही, ही रिकी यांची अट होती. रॉबिन्सन यांनी संताप आवरला नाही, तर प्रयोग फसेल आणि इतर कृष्णवर्णीयांची वाट पुन्हा अडेल, अशी त्यामागची भीती होती. बसमधील साध्या आदेशापुढे न झुकलेल्या या माणसाने ती अट स्वीकारली. १९४६ चा हंगाम कॅनडातील माँट्रियल रॉयल्स संघात गाजवून १५ एप्रिल १९४७ रोजी त्यांनी डॉजर्सकडून पदार्पण केले.

फिलाडेल्फिया फिलीज संघाच्या व्यवस्थापकाने मैदानावरच त्यांना वर्णद्वेषी शिवीगाळ केली. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. रॉबिन्सन यांनी उत्तर दिले ते खेळातून. त्या हंगामात त्यांनी २९ बेस ‘चोरले’, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना चकवून तेवढ्या वेळा पुढचा बेस गाठला. वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो त्यांनाच मिळाला.

पुढे मौनाचे बंधन सैल झाले. १९४९ मध्ये ०.३४२ ची फलंदाजी सरासरी आणि ३७ चोरलेले बेस या कामगिरीवर ते नॅशनल लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले. १९५५ मध्ये डॉजर्सने न्यूयॉर्क यँकीजला हरवून प्रथमच ‘वर्ल्ड सीरीज’ जिंकली. १९५६ च्या हंगामानंतर रॉबिन्सन यांनी निवृत्ती पत्करली.

निवृत्तीनंतर ते एका कॉफी कंपनीचे उपाध्यक्ष झाले, नागरी हक्कांच्या चळवळीत वावरले आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फ्रीडम नॅशनल बँकेच्या स्थापनेत सहभागी झाले. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथील जाहीर सत्कारातही त्यांनी एखादा कृष्णवर्णीय संघव्यवस्थापक पाहण्याची इच्छा बोलून दाखवली. त्यानंतर नवव्या दिवशी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९७४ मध्ये क्लीव्हलँड संघाने फ्रँक रॉबिन्सन यांची व्यवस्थापकपदी नेमणूक केली, तेव्हा ती इच्छा पूर्ण झाली. १९९७ मध्ये जॅकी यांचा ४२ हा क्रमांक मेजर लीगच्या सर्व संघांनी कायमचा निवृत्त केला.

‘हॉल ऑफ फेम’साठी आपला विचार केवळ मैदानावरील कामगिरीवरून व्हावा, असे रॉबिन्सन यांनी मतदारांना सांगितले होते. त्यानुसार १९६२ च्या त्यांच्या स्मृतिफलकावर फलंदाजी व क्षेत्ररक्षणातील विक्रमच कोरले गेले. वर्णभेदाची भिंत ओलांडल्याचा उल्लेख नव्हता. २००८ मध्ये तो फलक बदलण्यात आला. नव्या फलकावर विक्रमांसोबत १९४७ मधील त्यांच्या धैर्याचीही नोंद आहे.