ताज मुंबईत, पाया जुम्मा तलावाच्या चिखलात

मंडळी, आपल्याकडचा माणूस मुंबईला गेला की गेटवेसमोर उभा राहून ताज हॉटेलचा फोटो काढतोच. आत जाऊन चहा प्यायची हिंमत करणारे थोडेच. पण त्या हॉटेलाच्या गोष्टीत नागपूरचाही वाटा आहे, हे किती जणांना माहीत आहे?

1874 साली जमशेटजी टाटांनी कापड गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडलं. कारण सरळ होतं. कापूस विदर्भाचा, कोळसा वरोऱ्याचा आणि रेल्वे 1867 मध्येच इथवर पोहोचलेली. जागा घेतली जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आपल्या शुक्रवारी तलावाजवळची, तीही दलदलीची. असं सांगतात की एका सावकारानं कर्ज नाकारलं. हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणे! नंतर त्यानंच कबूल केलं, यानं माती घालून सोनं काढलं. 1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल.

पोलादाचा कारखाना जमशेटजींनी डोळ्यांनी पाहिलाच नाही, तो त्यांच्या मृत्यूनंतर उभा राहिला. त्यांची श्रीमंती आणि पत वाढवली ती प्रामुख्यानं सूत-कापडानं, आणि त्यात मोठा हात आपल्या गिरणीचा. याच काळात त्यांनी ताज बांधायला घेतलं, तेही स्वतःच्या खिशातून. 1896 च्या प्लेगनं मुंबईची रया गेली होती. शहराला पुन्हा मान मिळावा, ही त्यामागची इच्छा.

वॉटसन्स हॉटेलात ‘फक्त गोऱ्यांना प्रवेश’ म्हणून अपमान झाला आणि त्या रागातून ताज बांधलं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. पण तिला पक्का पुरावा नाही, बरेच अभ्यासक ती मानत नाहीत. दुसरी गप्प अशी की हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि वास्तुविशारदानं आत्महत्या केली. हेही खोटं. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य 1900 मध्ये वारले, ते मलेरियानं. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं पूर्ण केलं. बग्ग्या शहराच्या बाजूनं यायच्या, म्हणून दार तिकडे ठेवलं होतं, एवढंच. म्हणजे साहेबाच्या राज्यातल्या सर्वात देखण्या हॉटेलाचा आराखडा आखणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. त्याचं नाव मात्र आपल्या तोंडी नाही.

16 डिसेंबर 1903 ला हॉटेल उघडलं तेव्हा पाहुणे होते फक्त 17. पण विजेचे दिवे पाहून लोकांचे डोळे दिपले. समोरचा गेटवे तर 1924 चा, ताजपेक्षा 21 वर्षांनी लहान! जमशेटजी मात्र मे 1904 मध्ये गेले. हॉटेलाचं वैभव त्यांना जेमतेम पाच महिने पाहता आलं.

2008 च्या हल्ल्यात ताज जळलं. कर्मचाऱ्यांनी जीव धोक्यात घालून पाहुणे वाचवले, काहींचे प्राणही गेले. दुरुस्ती होऊन जुनी इमारत 15 ऑगस्ट 2010 ला पुन्हा उघडली. चांगलंच झालं. पण आपली एम्प्रेस मिल? 1986 मध्ये ती सरकारी महामंडळाकडे गेली, 2002 मध्ये कायमची बंद झाली. हजारो घरांची चूल जिथून पेटायची, तिथे आज मॉल आहे. आपण बेसा-मनीषनगरहून तिथे खरेदीला जातो आणि पार्किंग शोधत परत येतो.

इमारत गेली ती गेली. पण भोंगा ऐकून पाळीला पळणारी माणसं अजून आपल्यात आहेत, आणि तीही दरवर्षी कमी होताहेत. महापालिकेनं त्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात, तलावाकाठी एक ठसठशीत मराठी फलक लावावा. याला काही कोटी लागत नाहीत.

तुमच्या घरात कुणी एम्प्रेसमध्ये होतं? कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीला? खाली लिहा. सुरुवात आपणच करू.