स्थलांतरितांना विधिसाहाय्य, अमेरिकेतील
हद्दपारीची कारवाई सुरू झालेल्या किंवा आश्रय मागणाऱ्या परदेशी व्यक्तींना मिळणारी कायदेशीर मदत. हद्दपारीचा दावा दिवाणी मानला जातो. त्यामुळे वकील नेमण्याचा हक्क असला, तरी त्याचा खर्च सरकार उचलत नाही. आश्रयाची आजची रीत १९८० च्या निर्वासित कायद्यातून आली (→ निर्वासित). मानवी तस्करी व गंभीर गुन्ह्यांना बळी पडलेल्यांसाठी २००० मध्ये टी व यू व्हिसा निर्माण झाले.

स्थलांतर न्यायालये न्यायखात्याच्या अखत्यारीत येतात. तेथे सरकारतर्फे वकील असतो. समोर मात्र कधी एकटे मूलही उभे असते, आणि हीच या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर उणीव होय. आश्रयाचा अर्ज साधारणतः देशात आल्यापासून वर्षभरात करावा लागतो. जन्मदाखला, पोलीस तक्रार, दवाखान्याचे कागद अशा प्रत्येक परभाषी पुराव्यासोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सहीनिशी प्रमाणपत्र लागते. मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थांचे अधिकृत प्रतिनिधी वकील नसूनही बाजू मांडू शकतात.

‘पाडिया विरुद्ध केंटकी’ (२०१०) या निकालानुसार, गुन्हा कबूल केल्यास हद्दपारी ओढवू शकते हे फौजदारी वकिलाने अशिलाला सांगणे बंधनकारक आहे (→ हद्दपारी). स्थानबद्धांना सार्वजनिक निधीतून वकील देण्याचा उपक्रम न्यूयॉर्क शहरात २०१३ मध्ये सुरू झाला.