राखेतला जमाखर्च

होमरच्या महाकाव्यातला वृद्ध राजा नेस्टर म्हणजे ग्रीकांचे भीष्माचार्यच. रणांगणावर तरुणांना शहाणपणाच्या चार गोष्टी सांगणारा हा पायलॉसचा धनी. त्याचे पायलॉस नेमके कोठले, हा वाद पुरातन काळापासून चालत आलेला.

तो वाद मिटवायला कुदळ हाती घेतली कार्ल ब्लेगेन यांनी. जन्म १८८७चा, अमेरिकेतील मिनियापोलिसचा. ग्रीक वाङ्मयाचा व्यासंग आणि मातीची पारख, दोन्ही त्यांच्या ठायी होती. १९१८ साली अॅलन वेस या इंग्रज मित्रासह त्यांनी ग्रीसमधील जुन्या खापरांची कालक्रमाने मांडणी केली. तिच्यावरून ग्रीसची संस्कृती स्वतःच्या वाटेने वाढली असे दिसू लागले. क्रीट बेटावर नॉसॉसचा राजवाडा उकरणारे सर आर्थर इव्हान्स यांना मात्र हे मान्य नव्हते. त्यांच्या मते ग्रीस म्हणजे क्रीटचे अंकित. क्रीटच्या मृत्तिकापाट्यांवरील गूढ लिपीतही ग्रीक भाषा असणे शक्य नाही. इव्हान्स यांचा दरारा असा, की विरोधात बोलणारे थोडेच.

४ एप्रिल १९३९. नैर्ऋत्य ग्रीसमधील एका टेकडीवर ब्लेगेन यांनी पहिला चर खणला, आणि पहिल्याच दिवशी तो राजवाड्याच्या दप्तरखान्यावर जाऊन पोचला! त्या हंगामात ६००हून अधिक पाट्या व तुकडे निघाले. लिपी तीच, क्रीटमधली.

आता मौज पाहा. कुंभाराने न भाजलेली पणती पाण्यात टाकली तर तिचा चिखल होतो. भट्टीतून निघालेली पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्या पाट्या मुळात कच्च्याच होत्या. इसवी सनापूर्वी १२००च्या सुमारास वाडा जळाला, आणि त्याच आगीत त्या भाजून निघाल्या. ज्या आगीने राज्य बुडवले, तिनेच त्याचे दप्तर राखले.

लगेच महायुद्ध पेटले. पाट्या अथेन्समध्ये बँकेच्या तिजोरीत गेल्या. पुढे ब्लेगेन यांनी त्यांचे काम एमेट बेनेट या आपल्या विद्यार्थ्यावर सोपवले. १९५१ साली पाट्यांवरील मजकूर छापून निघाला. स्वतःला वाचता न आलेले धन त्यांनी असे जगापुढे ठेवले.

ते वाचले कोणी? मायकेल व्हेन्ट्रिस या तरुण इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने! अॅलिस कोबर या विदुषीने लिपीचे कोडे बरेच उकलून ठेवले होते. १९५२ साली व्हेन्ट्रिसने जाहीर केले, ही भाषा ग्रीकच. त्याच्यापाशी ग्रीक विद्येची पदवी नव्हती. मीही मॅट्रिकपुढे गेलो नाही, म्हणून मला त्याचे अंमळ अधिकच कौतुक.

पंडित साशंक होते. तेवढ्यात १९५३ साली ब्लेगेन यांनी नव्या खोदकामातील एक पाटी साफ केली आणि तिला व्हेन्ट्रिसची अक्षरे लावून पाहिली. तीन पायांच्या भांड्याच्या चित्राजवळ शब्द निघाला ‘तिरिपोदे’. आपला ‘त्रिपाद’ त्याचाच भाऊबंद! तीन कानांच्या भांड्यापुढे ‘तिरिओवे’, बिनकानाच्या भांड्यापुढे ‘अनोवे’. ब्लेगेन यांनी हे तत्काळ व्हेन्ट्रिसला पत्राने कळवले. पस्तीस वर्षांपूर्वी खापरांनी जे सुचवले होते, त्याला आता अक्षरांची साक्ष मिळाली. ती ऐकायला इव्हान्स मात्र नव्हते; ते १९४१ सालीच निवर्तले होते.

आणि पाट्यांत होते काय? मी कादंबऱ्या लिहिणारा. मला तेथे राजाचे शौर्य, निदान एखादी प्रेमकथा हवी होती. निघाला जमाखर्च. मेंढ्या किती, तेल किती, लोहारांना कांसे किती, कामकरी बायकांना गहू नि अंजिरे किती. पण मला तोच अधिक मोलाचा वाटतो. होमरने राजाला अमर केले. गहू मोजून घेणाऱ्या त्या बायकांची आठवण कोण ठेवणार होते? ती कारकुनाच्या ओल्या मातीने ठेवली, आणि जपून बाहेर काढली ब्लेगेन यांच्या कुदळीने. १९७१ साली ते अथेन्समध्येच वारले.