कोकदरापासून क्रॅश दरापर्यंत : यंत्रांच्या मोजमापाची परंपरा

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई शहरात, नागपूर–हावडा लोहमार्गाला समांतर जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडवर, सुपेला ही बाजारपेठ वसलेली आहे. पोलाद कारखाना येण्यापूर्वी हा सारा परिसर खेड्यांचा होता. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत, मधला इंग्रजी देखरेखीचा काळ वगळता, छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि परगण्याचा वसूल मोजून त्याचा हिशेब वर पाठवण्याचे काम कमाविसदार व फडणवीस या अधिकाऱ्यांकडे असे. दूर बसलेल्या धन्याला कागदावरूनच मुलखाची स्थिती कळत असल्यामुळे, नोंद कोणी केली आणि ती कशाची, हे प्रश्न त्या व्यवस्थेत आकड्याइतकेच महत्त्वाचे होते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या भट्टीबरोबर मोजमापाची एक वेगळी शिस्त या प्रदेशात आली. झोतभट्टीच्या आत डोकावणे शक्य नसते. झोताचा दाब, तापमान, बाहेर पडणाऱ्या वायूचे घटक आणि लोखंडाचा कस यांवरूनच तिच्या प्रकृतीचा अंदाज बांधावा लागतो. अशा मापांपैकी कोकदर, म्हणजे एक टन द्रवरूप लोखंड तयार करण्यास किती किलो कोक लागला याचे प्रमाण, विशेष बोलके ठरते. नुसता जळालेल्या कोकचा आकडा भट्टीची कार्यक्षमता सांगत नाही. तो उत्पादनाने भागला की दोन भट्ट्यांची किंवा दोन महिन्यांची तुलना करता येते. मोजमापाचा अर्थ त्याच्या छेदात असतो, हे तत्त्व पोलाद उद्योगात असे रोजच्या व्यवहाराचे झाले.

संगणकाच्या क्षेत्रात हे तत्त्व उशिरा रुजले, आणि त्याचे कारण यंत्राच्या जागेत होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक त्याच्या चालकांच्या समोर होता. तो अडला की जवळच्या माणसाला दिसत असे. मोबाइल अ‍ॅपचे तसे नाही. ते लाखो अनोळखी फोनांवर, निरनिराळ्या स्मृतिक्षमतेच्या उपकरणांवर आणि कमीअधिक जोराच्या नेटवर्कवर चालते. यातूनच दुरून चाचणी करण्याचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. २०११ मध्ये रितेश अरोरा व नकुल अग्रवाल यांनी मुंबईत सुरू केलेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी प्रथम वेब ब्राउझरांवरील आणि पुढे खऱ्या मोबाइल फोनांवरील चाचणीची सोय इंटरनेटवरून पुरवू लागली.

चाचणीपलीकडचा टप्पा प्रत्यक्ष वापराच्या नोंदींचा होता. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड व्हायटल्स ही सुविधा आणली. निदानविषयक माहिती देण्यास संमती दिलेल्या वापरकर्त्यांच्या फोनवरून तीत नोंदी जमा होतात. अ‍ॅप अचानक बंद पडणे म्हणजे क्रॅश, तर स्पर्शाला पाच सेकंदांत प्रतिसाद न मिळणे हा ‘एएनआर’ या नावाने ओळखला जाणारा दोष. वापरकर्त्याला जाणवलेल्या क्रॅशचे प्रमाण दैनंदिन वापरकर्त्यांच्या १.०९ टक्क्यांवर किंवा जाणवलेल्या एएनआरचे ०.४७ टक्क्यांवर गेल्यास प्ले स्टोअरवरील त्या अ‍ॅपची दृश्यता घटू शकते. एखाद्या एकाच फोन-मॉडेलसाठी ही मर्यादा ८ टक्के आहे.

हे आकडे पाहण्यासाठी अभियंत्याला अनेक फलक उघडून कालावधी, आवृत्ती व उपकरण निवडावे लागत असे. २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रारूपांना बाह्य साधने वापरण्याची क्षमता मिळू लागली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा खुला संकेत जाहीर केला. त्यानुसार प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला लागणारी माहिती प्रारूपापुढे मांडली जाते. प्रारूप योग्य साधन निवडून मागणी तयार करते, ती प्रत्यक्षात दुसरा प्रोग्रॅम पूर्ण करतो आणि आलेल्या उत्तरावरून प्रारूप वाक्य रचते. ब्राउझरस्टॅकसह अनेक कंपन्यांनी आपल्या सेवांसाठी असे दुवे उपलब्ध केले. जे फलकांवर शोधावे लागे, ते आता साध्या भाषेत विचारता येते.

या सोयीमुळे नोंद आणि प्रश्न यांतील अंतर कमी झाले. मात्र व्याख्येची जबाबदारी संपली नाही, उलट ती दृष्टिआड होण्याचा धोका वाढला. समजा, १,००० वापरकर्त्यांनी एका दिवसात एक अ‍ॅप ५,००० वेळा उघडले आणि त्यांपैकी २० जणांच्या फोनवर ते एकेकदा बंद पडले, तर वापरकर्त्यांच्या हिशेबाने क्रॅश दर २ टक्के येतो आणि सत्रांच्या, म्हणजे अ‍ॅप उघडण्याच्या वेळांच्या, हिशेबाने तो ०.४ टक्के येतो. दोन्ही आकडे खरे आहेत. पण एक मर्यादा ओलांडतो आणि दुसरा ओलांडत नाही. त्याचप्रमाणे एक टक्का ग्राहकांकडे असलेल्या स्वस्त फोनवर दहा टक्के वापरकर्त्यांना क्रॅश सोसावा लागला, तरी एकूण दरात त्याने जेमतेम ०.१ टक्क्याची भर पडते. सुपेलासारख्या बाजारात असा फोन घेणाऱ्याची अडचण सरासरीत विरून जाते आणि उपकरणानुसार विचारलेल्या प्रश्नातच उघड होते.

म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने आणलेला आकडा छेद, कालावधी, अ‍ॅपची आवृत्ती आणि उपकरण यांसह मागणे, आणि तसा न मिळाल्यास तो अपुरा मानणे, ही या व्यवसायाची रूढ पद्धत व्हायला हवी. प्रश्न विचारणे जितके सोपे होत जाईल, तितकी ही पद्धत अधिक कसोशीने पाळावी लागेल, कारण आकडा वाचणारा आणि त्या आकड्यातली गैरसोय सोसणारा हे दोघे आता एकमेकांपासून फार दूर असतात.