धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाट : कोणाला, कधी आणि कशी मिळते

जुम्याच्या नमाजानंतर कोणाच्या तरी ऑपरेशनसाठी मदतीचे आवाहन होणे आपल्या मोहल्ल्यांना नवे नाही. बैतुलमाल, जकात, नातेवाईक, दोस्तमंडळी अशी जुळवाजुळव करून रक्कम उभी राहते आणि बिलिंग काउंटरवर भरली जाते. अशा वेळी आम्ही एक प्रश्न विचारतो : रुग्णालय धर्मादाय आहे का? बहुतेक वेळा घरच्यांनी ते विचारलेलेच नसते.

हा प्रश्न लाखमोलाचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली, ट्रस्टने चालवलेल्या आणि वार्षिक खर्च ५ लाखांच्या वर असलेल्या रुग्णालयांवर एक बंधन आहे. एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली याची सविस्तर योजना ठरवून दिली. शहरातली काचेच्या इमारतीतली, महागडी म्हणून ओळखली जाणारी कित्येक रुग्णालयेही ट्रस्टचीच आहेत. दर्शनी भाग बघून 'हे आपल्यासाठी नाही' असे ठरवू नका.

निर्धन म्हणजे ज्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत आहे तो. दुर्बल घटकासाठी ही मर्यादा ३ लाख ६० हजार. रिक्षा चालवणारा, गॅरेजवर काम करणारा, शिलाई मशीनवर घर चालवणारी आपली बहीण यांतली पुष्कळ माणसे यात बसतात. धर्म किंवा जात याचा इथे संबंध नाही, फक्त उत्पन्न बघितले जाते.

पैसा कुठून येतो, हेही समजून घ्या, म्हणजे मागताना मान खाली जाणार नाही. इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने वेगळ्या खात्यात टाकायची असते. याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात, रुग्णालयात सगळे 'आयपीएफ' म्हणतात. निर्धन रुग्णाचा खर्च या खात्यात टाकला जातो. खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, चादरी, वीज-पाणी याचे तर बिलच लावायचे नसते. दुर्बल घटकातल्या रुग्णाला मात्र काही भार उचलावा लागतो. औषधे, इम्प्लांट वगैरे रुग्णालयाच्या खरेदी दराने धरून त्यातली निदान निम्मी रक्कम त्याने भरायची असते. ट्रस्ट म्हणून रुग्णालयाला करात सवलती मिळतात, त्या बदल्यातली ही जबाबदारी आहे. ही खैरात नव्हे.

आता खरी मेख. ही खाट दाखल होताना मागायची, डिस्चार्जच्या दिवशी नाही. बिल हातात आल्यावर धावपळ करणाऱ्याला 'आधी का नाही सांगितले' हेच ऐकावे लागते, आणि तोवर रुग्ण साध्या किंवा खाजगी वर्गात नोंदला गेलेला असतो. म्हणून केसपेपर काढतानाच वैद्यकीय समाजसेवकाची खोली कुठे आहे ते विचारा. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयात ही व्यक्ती असायला हवी. कागद तपासून रुग्णाला कोणत्या गटात घ्यायचे, हे काम तिचे. अर्ज लेखी द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. तोंडी 'बेड नाही' म्हटले तर तेच लिहून मागा. एवढ्यानेही बोलण्याचा सूर बदलतो.

कागद फार नाहीत : तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, किंवा रेशनकार्ड वा दारिद्र्यरेषेखालील कार्ड, सोबत आधार. आपल्याकडे गाडी अडते ती नावांवर. आधारवर 'शेख' आधी, रेशनकार्डवर शेवटी. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर. आजारपणात हे दुरुस्त करत बसायला वेळ नसतो, म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच एकदा कागद समोर मांडून बघा. उत्पन्नाचा दाखलाही मुदत संपायच्या आत नवा काढून ठेवावा. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी तो लागतोच.

इमर्जन्सीत कागदांची वाट बघायची नाही. अपघात, हार्ट अटॅक, अडलेली बाळंतीण असेल तर रुग्णालयाने आधी दाखल करून जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे आहेत, आणि या दोन गटांतल्या रुग्णांकडून डिपॉझिटचा हट्ट धरायचा नाही. कागद मागाहून दिले तरी चालतात. प्रकृती स्थिर झाल्यावर गरज पडली तर सरकारी दवाखान्यात हलवता येते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही वेगळी गोष्ट आहे, दोन्हींची गल्लत करू नका. ती विम्यासारखी चालते, तिच्यासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटायचे, माहितीसाठी १५५३८८ हा टोल फ्री क्रमांक आहे. एखादा आजार तिच्या यादीत नसेल तरी धर्मादाय खाटेचा रस्ता उघडा राहतो.

वॉर्डात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना, नर्स असोत की रिसेप्शनवर असोत, आमची एक विनंती : गोंधळलेल्या नातेवाइकाला समाजसेवकाची खोली दाखवा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

खाट नाकारली तर तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात करायची. अर्जाची पोच, केसपेपर, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती जोडा आणि कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या काउंटरवर काय उत्तर मिळाले ते साध्या शब्दांत लिहा. रुग्ण अजून दाखल असेल तर पोस्टाने पाठवू नका, घरातल्या एकाने अर्ज घेऊन स्वतः जावे.